नसलेल्या हाताची मूठ

शिंगाळ्याचा काटा लागणं ही आमच्याकडे कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. आय आयुष्यभर दादरच्या मासळी बाजारात बसली. तिच्या तळहातांवर काट्यांच्या इतक्या जुन्या खुणा होत्या की लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवत बसायचे. त्या मार्चमध्ये गिऱ्हाइकाला शिंगाळा कापून देताना काटा तिच्या उजव्या हातात, अंगठ्याच्या बुडाशी मोडला. तिने तो दातांनी ओढून काढला, हळद दाबली, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि उरलेला माल विकूनच घरी गेली.

तिला साखर होती. गोळ्या घ्यायची ती मनाला येईल तेव्हा. मी लग्नानंतर अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहते आणि गिरगावातल्या एका शाळेत शिकवते, त्यामुळे वरळीच्या कोळीवाड्यात रोज जाणं होत नाही. बाबांचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हात काळा पडलाय. तू ये." बाबा तांडेल आहेत, बोट त्यांच्या हुकमावर चालते. खलाशांशी बोलतात तेवढंच बोलतात, घरी त्याहून कमी. त्यांनी स्वतःहून बोलावलं म्हणजे काय, ते मला बस स्टॉपवर उभी असतानाच कळलं होतं.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. विष दंडाकडे चढत होतं. हात ठेवायचा तर आय राहणार नव्हती. त्यांनी कोपराच्या थोडं खाली कापलं.

शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं नाही, हाताबद्दल विचारलंही नाही. पट्टीत गुंडाळलेलं ते आखूड टोक माझ्यापुढे करून म्हणाली, "मूठ सोडव गो माजी. नखं रुततात."

मला वाटलं, औषधाची गुंगी असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. हात नव्हता, पण तिच्या लेखी तो होता, आणि घट्ट मिटलेला होता. अंगठा आत, वरून चार बोटं, आणि त्या बोटांची नखं तळहातात. मधूनमधून शिंगाळ्याचा काटा पुन्हा घुसल्यासारखी कळ यायची. तेव्हा ती बोलता बोलता थांबायची आणि तिचा वरचा ओठ घामाने भिजायचा. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळांना होतं, हात गेला तरी मेंदूत त्याची जागा राहते, मेंदू त्या हाताला हुकूम सोडत राहतो आणि उलट उत्तर येत नाही. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी आय दिवसभर पेंगायची, आणि पेंगतानाही डाव्या हाताने हवेतली बोटं एकेक करून उलगडायचा प्रयत्न करायची.

घरी आणल्यावर वाड्यातल्या बायका भेटायला आल्या. त्यांत आमच्या शेजारची म्हातारी काकी होती. माझ्या आईबाबांचं लग्न तिने पाहिलेलं आहे. ती बराच वेळ त्या टोकाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "तो हात व्हता कोनाचा? दर्याचाच ना?"

हे सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात नवरी उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला देते. माझ्या माणसाला सांभाळ, म्हणून. त्यानंतर ती उजव्या हातात बांगडी भरत नाही. डावा हात हिरवा, उजवा मोकळा. मी शिकले, वाड्याबाहेर लग्न केलं आणि हातांत घड्याळाशिवाय काहीच घालत नाही. पण आयने तो उजवा हात कायम मोकळा ठेवला होता. कुणी हौसेने कडं दिलं तरी तिने ते डाव्या हातात चढवलं.

काकी गेल्यावर आयने मला विचारलं, "कापलेला हात त्यांनी नेला कुटं?"

मी हॉस्पिटलात चौकशी केली होती. "जाळतात ते," मी म्हणाले.

"जालला? मग अजून पकडून कसला बसलाय?"

तिला त्याची खरोखर भीती वाटायला लागली आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुखण्याची नाही. दुखणं तिने सोसलं असतं. ती मूठ आपली आहे आणि आपलं ऐकत नाही, हे तिला सहन होत नव्हतं.

मासेमारी बंद असते त्या महिन्यांत बाबा घरी होते. ते जाळी दुरुस्त करत ओटीवर बसायचे आणि आय आत. तिला कळ आली की त्यांची सुई थांबायची. कळ गेल्यावर पुन्हा चालायची.

त्याच सुमारास डॉक्टरांनी आम्हाला हॉस्पिटलातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तरुण मुलगी होती, भराभर बोलायची. आयला 'मावशी' आणि मला 'ताई' म्हणायची. तिच्या खोलीत एक मोठा पडदा होता, कॅमेरा होता आणि डोळ्यांवर बांधायचा तो काळा डबा. तिने आयच्या उरलेल्या हातावर चकत्या चिकटवल्या, त्यांना वायरी जोडल्या.

"मावशी, हात नसला तरी तो हलवणारे स्नायू थोडे इथे आहेत. तुम्ही मूठ उघडायचा विचार केलात की ते हलतात. मशीनला ते कळतं. मग मशीन तुम्हाला हात दाखवतं."

पडद्यावर आय दिसत होती, खुर्चीत बसलेली, नऊवारी नेसलेली. आणि तिच्या कोपराखाली एक हात होता. मी दचकले. तो चिकटवल्यासारखा दिसत नव्हता. आयने खांदा हलवला की तोही हलत होता.

आय बघत राहिली. मग म्हणाली, "यो कोनाचा हात?"

हात गोरा होता, गुळगुळीत, लांब बोटांचा. कुणातरी तरुण पुरुषाचा असावा तसा. फिजिओ हसली, तिने रंग बदलला, मनगट जाड केलं, बोटं आखूड केली. आय तरीही म्हणत होती, "माजा नाय." ती त्याला आपला म्हणत नव्हती, पण तो तिच्या मनाप्रमाणे हलत होता, आणि आम्हा मायलेकींपैकी कुणालाच हे आवडलेलं नव्हतं. मला तर अजिबात नाही.

तरी आम्ही जात राहिलो. शाळा सुटली की मी वरळीहून तिला घेऊन परळला यायचे. काही दिवसांनी फिजिओने तो डबा तिच्या डोळ्यांवर बांधला. आत एक टेबल दिसायचं, टेबलावर चेंडू, पेले, कड्या. चेंडू उचल, पेल्यात सोड. कडी उचल, खुंटीवर टाक. आय ज्या हाताने आयुष्यभर कोयता चालवत आली, त्या हाताने हवेत चेंडू उचलत होती. बाहेरून मला दिसायचं ते फक्त पट्टी बांधलेलं टोक, वरखाली होणारं. ते बघवायचं नाही म्हणून मी पडद्याकडे बघायचे.

मूठ एका दुपारी उघडली. चेंडू सोडायचा होता. पडद्यावरची बोटं एकेक करून सैल झाली आणि आयच्या तोंडून असा श्वास सुटला की फिजिओ उठून उभी राहिली.

"दुखलं का, मावशी?"

"उगडली," आय म्हणाली. डब्याखालून पाणी तिच्या गालांवर आलं. "सगली उगडली."

त्या दिवशी टॅक्सीत ती झोपली. हात कापल्यापासून ती अशी झोपलेली मी पाहिली नव्हती. मूठ दोनएक दिवसांनी पुन्हा मिटायची, पण आता ती उघडते हे तिला माहीत होतं. गोळ्या कमी झाल्या. बाजारातली आपली जागा दुसरीला द्यायची नाही, असं तिने बाबांना बजावलं. मलाही वाटलं, निभावलं.

पावसाळा सरला, बोटी समुद्रात गेल्या. ऑक्टोबरमध्ये बाबा लांबच्या फेरीवर गेले होते. आम्ही नेहमीसारख्या परळला आलो तेव्हा फिजिओ खुशीत होती. आदल्या खेपेला तिने आयच्या डाव्या हाताचे फोटो काढले होते. त्यांवरून तिने उजवा हात बनवला होता, आरशात दिसावा तसा उलटा करून.

"आता तरी म्हणा, माझा हात आहे," ती म्हणाली आणि डबा आयच्या डोळ्यांवर सरकवला.

पडद्यावर तो हात आला, आणि तो खरंच आयचा होता. तीच फुगीर पेरं, तोच करंगळीचा वाकडेपणा, तेच काट्यांचे डाग. आणि मनगटावर, डाव्या हातात होता तसाच, हिरव्या बांगड्यांचा चुडा.

आयने तो हात वर केला, डोळ्यांसमोर धरला. मी "थांबव" म्हणेपर्यंत तिने डाव्या हाताने डबा ओढून काढला होता. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय झालं?" फिजिओ माझ्याकडे बघत म्हणाली.

मी तिला सांगितलं, लग्नातलं, समुद्राचं. ऐकता ऐकता तिचा हात तोंडावर गेला. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं. डाव्याचा फोटो उलटा केला, बांगड्या आपोआप आल्या. मी काढते, लगेच काढते." तिने त्या पुसल्या. पडद्यावर मोकळं मनगट दिसलं. आयने तिकडे पाहिलंही नाही.

"त्या बांगड्या तू परत भरल्यास," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "दिलेल्या मी परत घेतल्या. आणि माजा मानूस दर्यात हाय."

जिन्यावर मी तिला म्हटलं, "आय, ते चित्र होतं गं. खरा हात नाही तो."

"खरा नाय, तर मना दुखतो कसा?"

दोन दिवसांत वाऱ्याचा इशारा आला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होत होता, बोटींना परत बोलावलं. वाड्यातल्या बोटी एकेक करून आल्या. बाबांची आली नाही. भाऊच्या धक्क्यावर दुसऱ्या बोटीचा एक तांडेल भेटला. त्याने सांगितलं की बाबांच्या बोटीचं इंजिन त्रास देत होतं, वायरलेसवर तसं ते बोलले होते, मग आवाज गेला. तो हे सांगताना माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता. पाणी शिवडीच्या चिखलाच्या रंगाचं झालं होतं, आणि धक्क्याला बांधलेल्या बोटी एकमेकींवर घासून कुरकुरत होत्या.

घरी आयची मूठ मिटली होती. यापूर्वी कधी नव्हती इतकी घट्ट. ती भिंतीला टेकून बसली होती, टोक छातीशी धरून, आणि कळ आली की डोकं मागे भिंतीवर आपटत होती. बायका जमल्या होत्या. कुणी रडत नव्हतं. रडलं तर ते खरं होईल, अशा चेहऱ्यांनी सगळ्या बसल्या होत्या. काकी दारात होती. बांगड्यांचं तिला कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी नजर वळवली.

आय म्हणाली, "मना त्या पोरीकडं ने."

"आत्ता? अशा हवेत?"

"ने मना."

फिजिओने आम्हाला दारात पाहिलं आणि तिला काही विचारावं लागलं नाही. मी तिला बोटीचं सांगितलं. आय सरळ खुर्चीत जाऊन बसली आणि तिने टोक पुढे केलं, चकत्या लावायला.

"बांगड्या परत हातात दे," ती म्हणाली. "आणि दर्या दाखव. मी देते त्याच्या त्याला."

फिजिओने मला कोपऱ्यात नेलं. "ताई, हे उपचारात बसत नाही. उद्या काही वाईट बातमी आली तर त्या मला…" मग वळून ती संगणकासमोर बसली. मशीनमध्ये समुद्राचा एक देखावा होता, घाबरलेल्या पेशंटना शांत करण्यासाठी ठेवलेला. खेळातल्या कड्या तिने लहान केल्या, त्यांना हिरवा रंग दिला आणि खुंटीचं टेबल काढून खाली पाणी आणलं.

डबा बांधल्यावर आयने मान वाकवून खाली पाहिलं. पाणी निळं होतं, स्वच्छ, कुठल्यातरी परदेशी किनाऱ्यासारखं.

"यो दर्या आपला नाय," ती म्हणाली. "पन पानी एकच."

पडद्यावर तिच्या मिटलेल्या मुठीत हिरव्या कड्या होत्या. ती मूठ सोडवायची होती. आयच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. ती काहीतरी पुटपुटत होती, त्यातलं मला बाबांचं नाव तेवढं कळलं, जे ती एरवी तोंडाने घेत नाही. मग बोटं सुटली. कड्या पाण्यात पडल्या, बुडाल्या.

आणि पुन्हा तिच्या हातात आल्या.

खेळ तसाच बनवलेला होता. कडी पडली की पेशंटला पुन्हा उचलता यावी म्हणून ती हातात परत यायची. हे माझ्या आणि फिजिओच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. आयने पुन्हा सोडल्या. त्या बुडाल्या आणि पुन्हा हातात आल्या.

"घेत नाय," आय म्हणाली. "तो घेत नाय गो."

"मावशी, थांबा, ते मशीन करतंय, तो नाही, थांबा जरा." फिजिओची बोटं कळफलकावर चुकत होती. आय थांबली नाही. ती सोडत राहिली आणि बांगड्या परत येत राहिल्या. मी तिचा खांदा धरला तर तो गार लागला. तिला तिथून उठवावं असं मला फार वाटलं आणि मी उठवलं नाही, कारण या घडीला उठवणं हे तिला राहू देण्यापेक्षा वाईट ठरेल असं वाटत होतं.

"आता सोडा," फिजिओ शेवटचं बटण दाबून म्हणाली.

बोटं उघडली. बांगड्या पाण्यात गेल्या, खाली खाली जात दिसेनाशा झाल्या. आम्ही तिघी वाट बघत राहिलो. हात रिकामा राहिला.

आयने डबा काढला नाही. बराच वेळ ती त्या निळ्या पाण्यासमोर हात उघडा धरून बसून होती.

बोट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दुसऱ्या एका बोटीने तिला दोरखंड बांधून ओढत आणली होती. इंजिन गेलं होतं, वायरलेस भिजला होता, खलाशी सगळे होते. बाबा उतरले तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते आणि त्यांना नीट उभं राहता येत नव्हतं. त्यांना दोर कधी मिळाला हे मी ओढून आणणाऱ्या बोटीच्या तांडेलाला विचारलं. त्याने सांगितलेल्या वेळेचा हिशेब केला तर आम्ही परळला पोचायच्या आधीच ते ओढले जात होते. हे मी आयला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही. काकीने मात्र त्या दिवशी माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली.

आयची मूठ त्यानंतर मिटली नाही. आता त्याला बरेच महिने झाले. फिजिओने पुढे यायला सांगितलं होतं, दोनदा फोन केला. आय गेली नाही. "उगडा हाय तो उगडाच राहू दे," म्हणाली. ती डाव्या हाताने कोयता चालवायला शिकली. हळू कापते, पण जुनी गिऱ्हाइकं थांबतात. बाबा पुन्हा समुद्रावर जातात. मी नको म्हणाले, तर त्यांनी जाळ्यातून मान वर केली नाही.

दुखत नाही, पण हात ओला लागतो असं ती सांगते. पाण्यात धरल्यासारखा, गार. फिजिओला मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, असंही होतं, काहींना गरम लागतो, काहींना गार, दुखत नसेल तर फार काळजी करू नका. डॉक्टरांनी टोक तपासलं. जखम चांगली भरली आहे.

गेल्या रविवारी मी तिच्याबरोबर बाजारात बसले होते. बाबा फेरीवर होते. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिने पदराखालून पंचा काढला आणि टोक पुसलं, जसं ती आता दिवसातून पुष्कळदा पुसते. कोरडंच असतं ते. मग माझ्या लक्षात आलं की ती टोकाशी थांबली नाही. पुसत पुसत कोपरावर गेली आणि तिथून वर, दंडापर्यंत.

"काय गं आय?" मी विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. "पानी चडलंय जरासं." आणि समोर आलेल्या बाईला पापलेट दाखवायला लागली.